दोन रिंगांवर कापलेला फोन

ज्याने कुणी इंटरनेटवरून फोन लावायची युक्ती काढली, त्याचं भलं होवो. तो कोण, कुठल्या देशाचा, मला ठाऊक नाही. पण रिसालीच्या आमच्या घरी त्याला कधीही चहाला यायची मुभा आहे. कुणी म्हणेल, फोनचं बिल कमी झालं म्हणून एवढं कौतुक? बिल कमी झालंच, आणि मी पडले मास्तरीण, त्यामुळे त्याचाही मला रीतसर आनंद झाला. पण माझ्या आनंदाचं खरं कारण आई आणि ताई आहेत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही बाबांच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा मागच्या लाइनीत एक केरळी कुटुंब होतं. त्यांच्या मुलाशी तिने लग्न केलं आणि वर्षभरात दोघं ऑस्ट्रेलियाला गेली. जातीवरून आमच्या घरात कुणी तोंड वाकडं केलं नाही. करणार कसं? बाबा प्लांटमधून आले की विहारात जाऊन ‘जात मोडा’ म्हणून घसा कोरडा करायचे. आईचा राग वेगळा होता. ताईने बाबांना सांगितलं, मला सांगितलं, शेजारच्या काकूंनाही सांगितलं, आणि आईला सगळ्यांच्या शेवटी. आई भांडली नाही. लग्नात सगळं साग्रसंगीत केलं. पण त्यानंतर तिचं ताईशी बोलणं तुटक झालं ते झालंच.

त्यात भर परदेशी फोनच्या दराची. ताईचा फोन आला की आधी मी बोलायची, मग बाबा, आणि शेवटी आईच्या हातात रिसीव्हर. आई म्हणायची, “बरी आहेस ना? जेवली? बरं, ठेवतो.” आमच्याकडे बायकाही ‘जातो, येतो, ठेवतो’ असंच म्हणतात. पुण्याची माझी एक मैत्रीण यावर अजून हसते, हसो बिचारी. तर आई ‘ठेवतो’ म्हणायची आणि खरंच ठेवायची. ताईला वाटायचं, आईचा राग गेलेला नाही. आईला वाटायचं, पोरीचे पैसे वाचले. बाबा गेले आणि दोघींच्या मधलं माणूसच उठून गेलं.

फोनच्या बाबतीत आमचं घर एका कायद्यावर चालायचं, आणि तो कायदा सगळ्या कॉलनीचा होता. पाहुणे नागपूरला परत गेले की घरी पोचल्यावर दोन रिंगा द्यायचे आणि कापायचे. दोन रिंगा म्हणजे सुखरूप पोचलो. तिसरी वाजली तरच उचलायचं. मी लहानपणी एकदा उतावीळपणे पहिल्याच रिंगेला उचलला आणि “हॅलो” म्हणाले, तेव्हा आईने माझा हात असा आवळला की विचारू नका. “फुकटचा एक कॉल वाया घालवला ना मामाचा!” त्या काळी माणसाची खुशाली न बोलताच कळायची आणि त्यात कुणाला काही कमी वाटत नव्हतं.

शाळेचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा मी घरी ब्रॉडबँड घेतलं. हिशोब करायची खोड जात नाही, म्हणून लगेच लक्षात आलं की परदेशी कॉलसाठी लँडलाइनवर जी जादाची सोय आपण घेऊन बसलोय, ती आता कशाला? इंटरनेटवरून बोललं तर ना आम्हाला खर्च, ना ताईला. ती सोय मी बंद केली. लँडलाइनही काढायला निघाले, तर आई आडवी आली.

“थो नंबर काढू नको. तिले थोच पाठ आहे.”

हे वाक्य बोलणारी बाई रागात आहे, असं ताईला वाटत होतं. आपली माणसं शहाणी असून किती बावळट असतात!

मग मी माझा जुना मोबाइल पुसून-बिसून टीव्हीजवळच्या फळीवर उभा केला, त्यात ते इंटरनेट फोनचं ॲप टाकलं, आणि हिरवं बटण म्हणजे उचल, लाल म्हणजे काप, हे आईकडून घोकून घेतलं. फोन आला की पडद्यावर ताईचा फोटो यायचा. आईला तो फोटो भारी आवडला.

“आई, याले पैसे लागत नाहीत. ना आपल्याले, ना तिले.”

“बरं,” आई म्हणाली. डॉक्टरने ‘मीठ कमी करा’ म्हटल्यावर ती जसं ‘बरं’ म्हणते आणि घरी येऊन लोणचं काढते, तेच ते बरं.

मी ताईला कळवलं की दुपारी मी शाळेत असते, पण आई घरी एकटी असते, तेव्हा करत जा. ताईची ड्यूटी तेव्हाच संपायची. पुढे दोघींचं कसं चाललंय, मी आईला विचारायची. ती खुशीत सांगायची, “येते ना तिचा फोन. रोज येते. चांगली आहे.” मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. आई त्या दिवसांत खरंच टवटवीत दिसायची. विहारातल्या बायकांना सांगायची, माझी पोरगी रोज फोन करते, तुमच्या पोरी तर इथं जवळ, कैंपाच्या वस्तीत राहून करत नाहीत.

आणि एक दिवस ताईचा मेसेज आला. या हिवाळ्यात ती किती वर्षांनी घरी येणार होती. लिहिलं होतं, “छोड़ ना, मी नाही येऊन राहिली. मम्मीले माझं तोंडच पाहायचं नाही. रोज फोन करतो, रोज कापते.”

मी चक्रावले. रोज कापते? मग आई सांगते ते काय? आईला तडक विचारलं असतं तर ‘बरं’ याखेरीज काही हाती लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी उन्हामुळे शाळा लवकर सुटली, मी दुपारच्या आत घरी आले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले.

फोन वाजला. आई तांदूळ निवडत होती, ती हात पुसून फळीसमोर जाऊन उभी राहिली. ताईचा फोटो झळकला. पहिली रिंग झाली, दुसरी झाली, आणि आईने फोटोकडे बघत प्रेमाने, अगदी गालावरून बोट फिरवावं तसं, लाल बटण दाबलं.

“पोचली वो माय घरी ड्यूटीवरून. सुखरूप आहे,” ती मला म्हणाली आणि परत तांदळाकडे वळली.

“आई! तू फोन उचलत कावून नाहीस?”

“दोन वाजल्या ना. झालं. तिसरीपर्यंत वाजू देल्ली त् तिचे पैसे जातीन. म्हणून मीच कापून टाकतो.”

“पण मी सांगितलं ना, पैसे लागत नाहीत म्हणून!”

आईने माझ्याकडे बघितलं, शाळेत मी मठ्ठ पोरांकडे बघते तसं. “आपलं बिल कमी झालं ना? मंग तिचं वाढलंच असन. पैसा कोनाचा ना कोनाचा जातेच. फुकट काय भेटते बाप्पा या दुनियेत?”

मी हसत सुटले, आणि मग हसता हसता माझेच डोळे भरले. मी तिला ताईचा मेसेज वाचून दाखवला. पूर्ण वाचला, ‘तोंडच पाहायचं नाही’सकट.

आई ताट बाजूला सारून तशीच बसली. तिचा चेहरा एवढा उतरलेला मी बाबा गेले तेव्हाच पाहिला होता. मग ती उठली, फळीजवळ गेली आणि म्हणाली, “लावून दे.”

मी लावून दिला. तिकडून ताईने उचलला. मी मध्ये पडून तोंडाची वाफ दवडली नाही, एवढी अक्कल मला त्या वेळी कुठून सुचली देव जाणे.

“मी कापत होतो थे दोन रिंगांवर,” आई म्हणाली. “मले वाटे, तू पोचल्याच्या रिंगा देऊन राहिली.”

तिकडे ताईला उमगलं, आणि ती अशी खो खो हसली की मोबाइल फळीवर थरथरला. आईसुद्धा हसली. पण हसणं ओसरल्यावर तिने खुर्ची ओढली आणि फळीसमोर नीट मांडून बसली. फोनसमोर बसलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते. एवढ्या वर्षांत ती फोनवर उभ्यानेच बोलली होती.

“पैसे नाही लागत म्हंते हे. खरं काय?”

“खरंच मम्मी. एक पैसा नाही.”

“मंग एक विचारतो. लग्नाचं तू मले सगळ्याइच्या शेवटी कावून सांगितलं?”

हा प्रश्न इतकी वर्षं तिच्या पोटात होता. महागड्या मिनिटांत तो विचारून उत्तर ऐकायची तिची छाती झाली नव्हती, आणि मी आपली समजत होते की आईला बोलायचंच नाही.

ताईचा आवाज आला, रडका, लहानपणी पडून आल्यावर असायचा तसा.

“पप्पाइनं नाही म्हटलं असतं तरी मी केलं असतं. बाकीच्याइचं तर मी ऐकतच नाही. पण तू नाही म्हटलं असतं ना मम्मी, तर मी केलंच नसतं. म्हणून तुले सांगाले भेव वाटे.”

आईने पदर तोंडाला लावला. मग तिने विचारलं, “एवढं ऐकत होती माहं?”

ताई तिकडून हो म्हणाली, पण रडता रडता म्हणाल्यामुळे आईला ते नीट ऐकू आलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं.