वीस मिनिटांच्या फिल्मचं मध्यंतर

आमच्या लोकांना मध्यंतराशिवाय काही म्हणून बघता येत नाही. नाटक असो, सिनेमा असो, गणपतीतला पोरांचा कार्यक्रम असो, मध्ये चहा आणि बटाटेवडा हवाच. सिंगापूरला येऊनही ही खोड काही सुटली नाही. एरवी मीही यावर हसले असते. पण एका मध्यंतराने काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन हजार सालानंतरची, आमच्या इथल्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत, आमच्याच मजल्यावर, कोलंबियाची एक बाई राहायची. तिचा नवरा आणि माझा नवरा दोघेही जुरोंग आयलंडवर इंजिनियर. सकाळी एकाच कंपनीच्या बसने जायचे. मागे आम्ही दोघी. मला नोकरी मिळत नव्हती म्हणून मी दिवसभर चिडचिड करत घर आवरायची. ती मात्र फिल्म करायची. सुट्टीत माहेरी जाऊन स्वतःच शूट करून आणायची आणि जेवणाच्या टेबलावर बसून एडिट करायची. वीस मिनिटांची एक फिल्म तयार झाली, ती तिने कुठल्या कुठल्या महोत्सवांना पाठवली. सगळीकडून नकार. मग बाईने डीव्हीडी पर्समध्ये टाकली आणि ओळखीच्या लोकांच्या घरी जाऊन दाखवायला लागली. भीड म्हणून नाही! मला तिचा हेवाच वाटायचा.

फिल्म तिच्या भावाची होती. कॉलेजात असताना बंदूकवाल्यांनी त्याला बसमधून उतरवून नेलं. परत आला नाही, मयतही मिळालं नाही. त्या दिवसापासून तिच्या आईने घराच्या दाराला रात्रीची कडी घातली नव्हती. अवेळी आला तर पोरगं बाहेर ताटकळायला नको. आता आई थकली होती, छातीचं दुखणं जडलं होतं, तरी एकटीच राहायची. लेकीकडे राहायला ये म्हटलं की एकच उत्तर, मग दार कोण उघडं ठेवणार?

फिल्मच्या पहिल्या अर्ध्या भागात भाऊ होता. त्याचे फोटो, कॅसेटवरचं त्याचं गाणं, त्याच्या उनाडक्या सांगणारे शेजारी. मग पडदा काळा व्हायचा आणि नुसता दाराचा आवाज, वाऱ्याने हलणारा. त्यानंतर हिचा स्वतःचा आवाज, आईला उद्देशून. आई, तो गेला. तो येणार नाही. आता कडी लाव आणि माझ्याकडे चल. खालची इंग्रजी वाक्यं मीच तपासून दिली होती, त्यामुळे मला सगळं तोंडपाठ.

"अगं, मग हे तिच्या तोंडावर सांग की," मी एकदा म्हटलं.

"किती वर्षं सांगतेय. मी तोंड उघडलं की ती उठते आणि माझ्यासाठी सूप गरम करायला जाते. चार लोकांत, अंधारात बसली असेल तर तिला स्वयंपाकघरात पळता येणार नाही."

म्हणून तिला माणसं हवी होती. महोत्सव वगैरे नंतरच्या गोष्टी. आई सिंगापूरला आली तेव्हा मीच सुचवलं की आमची मराठी मंडळी महिन्यातून एकदा कॉन्डोच्या हॉलमध्ये जमतात, प्रोजेक्टर आहे, तिथे दाखव. आईला एव्हाना आमची पोरं आजी म्हणायला लागली होती. गोड बाई. पण इथेही फ्लॅटच्या दारात चप्पल अडकवून ठेवायची, आणि वॉचमन तक्रार करायला वर यायचा. फोन कार्ड घेऊन रोज तिकडच्या शेजारणीला विचारायची, दार उघडं आहे ना?

त्या संध्याकाळी आजी कानात डूल घालून पहिल्या रांगेत बसली. लेकीचं कौतुक आहे, एवढंच तिला ठाऊक. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर होत आलेले काका, त्यांनी तिला हाताला धरून बसवलं, चार शब्द बोलले आणि दिवे घालवले.

पोरंसुद्धा गप्प झाली. भावाचं गाणं लागलं तशी आजी त्याच्याबरोबर हळू आवाजात म्हणायला लागली. मग पडदा काळा झाला, दार करकरलं. मैत्रिणीने माझा हात गच्च धरला. आता पुढचं वाक्य.

आणि फटाफट ट्यूबलाइट लागल्या!

"मध्यंतर!" काका दाराशी उभे. "या, वडे गरम आहेत."

"अहो काका, वीस मिनिटांची फिल्म! कसलं डोंबलाचं मध्यंतर?" मी ओरडलेच.

"अगं, काळं झालं सगळं, मला वाटलं अर्धं झालं. आणि वडे गार झाल्यावर कोण खाणार?"

खरंच अर्धं झालं होतं. पोरं टेबलाकडे धावली सुद्धा. आग लागो त्या वड्यांना!

तेवढ्यात आजी उठली. रडत होती आणि हसतही होती. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती तिच्या भाषेत भडाभडा बोलत सुटली. ते बघून लोकांना वाटलं फिल्म संपली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आजी वड्याची बशी घेऊन हॉलभर फिरली, एकेकाला पडद्याकडे बोट दाखवून "माझा मुलगा, माझा मुलगा" म्हणत. तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

"काय म्हणाली ती?" मी मैत्रिणीला विचारलं.

"म्हणाली, सगळ्यांनी त्याला पुरला. तू नाही पुरलास."

काका चहा संपवून आले. "चला, पुढचा भाग लावू या?"

"पुढे काही नाही. एवढीच आहे," ती म्हणाली. तिने डीव्हीडी काढून घेतली. डबीत घालून पर्समध्ये टाकली.

मला राग आवरेना. "आज नाही सांगितलंस तर कधी सांगणार?"

"तू सांग ना. ती बघ, वडा खातेय. जा, सांग तिला."

मी टेबलावरचे रिकामे कप गोळा करायला लागले.

आई महिन्याभराने परत गेली. विमानतळावर खुशीत होती. घरी जाऊन त्याची खोली रंगवते म्हणाली.

पुढच्या वर्षी एका रविवारी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी आम्ही चालत होतो. मैत्रीण दोन आठवडे माहेरी जाऊन आली होती. आई गेली. झोपेतच, घरात कुणी नसताना. आपल्याकडे अशा वेळी विचारतात तेच तोंडातून निघून गेलं.

"दार फोडावं लागलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "शेजारणीने नुसतं ढकललं."

आम्ही बाकावर बसलो. समोर जहाजं उभी होती. तीच पुढे बोलली.

"सगळं आवरून निघाले. कुलूप हातात होतं. पण मला लावता आलं नाही."