रूपाबाईचं जड फ्लायव्हील

अंगणवाडीला जायला मला रोज रूपाबाईच्याच जीपमध्ये बसावं लागतं. नवऱ्याची, हिरासिंगची, नजर अधू झाली तेव्हापासून जीप तीच चालवते. सकाळी सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या बाया सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यापलीकडं सोडायच्या, दिवस मावळता परत आणायच्या. कालव्याच्या पुलावर जायला उभा चढ आहे. यंदा श्रावणात त्या चढावरच जुनं इंजिन बसलं आणि बायांनी भरलेली जीप मागं घसरली. चाकांखाली दगड टाकून थांबवली. लागलं कोणालाच नाही, पण धसका बसला.

भंगारातल्या एका गाडीचं इंजिन मिळालं. गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा होता. मिस्त्री बालाजीनं तिच्यापुढं दोन फ्लायव्हील टाकली, एक हलकं, एक जड. फ्लायव्हील म्हणजे इंजिनामागं फिरणारं, ज्यावर क्लच दाबून बसतो ते लोखंडी चाक. बसत दोन्ही होती.

"हलकं घे, मावशी. गाडी कशी पळती बघ."

"मला काय शर्यत लावायची हाय? भरली गाडी चढावर थांबून पुन्हा निघाली पाहिजे."

"मंग जड घे. पण क्लच बसतो ते त्याचं तोंड लेथच्या मशीनवर घासून आणावं लागंल. आन गाडी सुस्त वाटली तर मला बोलू नको."

तिनं जड घेतलं. मग मलाच विचारत राहिली, "ताई, बराबर केलं ना मी?" मला त्यातलं काय कळतं? मी मनात नागनाथाचं नाव घेतलं.

चाक लेथवरून आलं, त्या दिवशी खंडेनवमी होती. तिच्या सासूनं पान्या-विळ्यांच्या शेजारी तेही पूजेला मांडलं आणि तेलात कालवलेल्या शेंदरानं त्याच्या चकचकीत तोंडावर मोठं स्वस्तिक काढलं. दसरा झाल्यावर बालाजीनं ते बसवलं.

पहिल्याच फेरीला चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं, जीप सरकेना. जळका वास सुटला. बाया पटापट उतरल्या.

"मिस्त्री सांगून राहिला होता, तवा ऐकलं न्हाई!" पार्वतीबाई म्हणाली.

रूपाबाई स्टिअरिंग धरून तशीच बसली. "माझ्या हट्टापायी कुणाचं लेकरू उघडं पडलं असतं, ताई."

बालाजीनं खोललं. क्लचप्लेट शेंदराच्या तेलानं माखलेली, म्हणून क्लच धरत नव्हता.

"तू शेंदूर पुसला न्हाईस?" रूपाबाईनं त्याला विचारलं.

"पुसला की, फडक्यानं. पण पूजेचा शेंदूर पेट्रोलनं कसा धुवायचा? मन होईना."

"धू आता. पाप लागलं तर मला लागू दे."

चाक धुतलं, प्लेट नवी टाकली. सासूला कोणी काही सांगितलं नाही. खरं सांगते, शेंदूर धुवायला माझाही हात धजला नसता.

दुसऱ्या सकाळी बाया चढाखालीच उतरल्या. "आमी पायी येतो." गुडघे आखडलेली पार्वतीबाई आणि मी तेवढ्या बसून राहिलो. अर्ध्या चढावर रूपाबाईनं मुद्दाम जीप थांबवली. तिनं हँडब्रेक सोडत क्लचवरचा पाय अलगद उचलला. जीप थरथरली, जरा दबली आणि हळूहळू वर निघाली. पुलावर पोचल्यावर तिनं जीप थांबवली.

बाया धापा टाकत आल्या. "संध्याकाळी बसायचं का मंग?"

"संध्याकाळी उतार हाय," पार्वतीबाई म्हणाली. "ब्रेक बघितले का गं, रूपा?"

रूपाबाई खाली उतरली आणि वाकून जीपच्या चाकाच्या आत बघू लागली.