खालूबाजाच्या संघाचा पहिला नियम

आमच्याकडच्या खालूबाजावाल्यांचा, म्हणजे पालखीपुढे ढोल, टिमकी, झांज नि सनई वाजवणाऱ्यांचा, संघ कसा निघाला असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, एका टेपरेकॉर्डरमुळे आणि दोन हट्टी माणसांमुळे. त्यातले एक माझे वडील, दुसरा माझा सख्खा मामा. वडील आमच्या गावच्या पालखीपुढे ढोल वाजवायचे, मामा शेजारच्या गावात सनई.

ऐंशीनंतरचीच गोष्ट. आमच्या गावचा सनईवाला मुंबईला नोकरीला लागला आणि शिमगा आला महिन्यावर. मुंबईकर पोरं म्हणाली, सनई कशाला, कॅसेट लावू. वडील ताडकन उठले. "पालखी टेपवर नाचली तं मी ढोल खुंटीला टांगीन. कायमचा." ते बोलले म्हणजे करणार. आणि त्या माणसाला ढोलाशिवाय बघायची माझी तयारी नव्हती.

मी तेव्हा पालीला शाळेत शिकवत होते. बाजाराला पाच गावचे वाजवणारे तिथे यायचेच. कुणाकडे झांजवाला नाही, कुणाकडे टिमकीवाला, रड सगळ्यांची तीच. म्हटलं, संघ करा, एकमेकांची माणसं घ्या. पालख्या काही सगळ्या गावांत एकाच दिवशी निघत नाहीत. झालं, देवळात बैठक बसली. बैठक कसली, सगळे वाद्यं घेऊनच आले. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा" म्हटलं, तर हात वर गेले ते थेट ढोलावरच आपटले. पुजारी बिचारा कानावर हात ठेवून बाहेर.

पहिल्याच नियमावर घोडं अडलं. ज्या गावात वाजवायला जाल तिथली चाल वाजवायची, आणि पहिला ठोका त्या गावच्या ढोलाचा. एका लग्नात याच पहिल्या ठोक्याच्या मानावरून मामाचं नि वडिलांचं बिनसलं होतं. सात वर्षं बोलणं बंद, आणि नवरा नि भाऊ यांच्यामध्ये आईचे हाल. मामा उठला. "भावोजींच्या ठोक्याची वाट बघत मी सनई धरून उभा राहू? जमायचा नाय," असं मला सुनावून तो चालू पडला. बाकीच्यांनी नियम मान्य केला, संघ झाला, पेढे वाटले, आणि पाच गावांतला एकुलता एक सनईवाला रुसून घरी. असा राग आला मला दोघांचा, की पेढासुद्धा गोड लागेना.

शिमग्याच्या आदल्या दिवशी आई माहेरी जाऊन आली. भावाला काय म्हणाली ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सकाळी पालखी देवळाबाहेर आली. पोरांनी टेप ओट्यावर मांडून ठेवलेला. तेवढ्यात गर्दीतून मामा आला, धुतलेली टोपी घालून, सनई छातीशी धरून. वडिलांपासून दहा पावलांवर उभा राहिला, नियमाप्रमाणे, त्यांच्या ठोक्याची वाट बघत.

वडिलांनी काठी उचलली आणि तशीच धरली. सगळं गाव थांबलेलं.

"मेव्हण्या, कर सुरू."

"भावोजी, मान तुमचा."

"माझा ना? मग मी ज्याला देईन त्याचा."

मामाने सनई ओठाला लावली. आमच्या गावची चाल, एक सूर इकडचा तिकडे नाही. खांदेकऱ्यांचे पाय हलले, पालखी डोलली, आई पदराने तोंड पुसत हसायला लागली. आणि वडिलांचा पहिलाच ठोका चुकला, कारण डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना ढोल दिसत नव्हता.