चाचांचा जोडलेला पाचू

"दात न्हाय दाखवायचे, बाय. सुया हायत का?"

दवाखान्याच्या दारात चपला काढता काढताच चाचा हे विचारायचे. रेवदंड्यात आमचा दातांचा दवाखाना आहे. तिथे मी नंबर लावते, सिमेंट कालवते, अवजारं उकळते आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडणाऱ्यांना गप्प करते. दात ठणठणीत असताना आपल्या पायांनी दवाखान्यात येणारा हा एकच माणूस मी पाहिला. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

त्यांना हव्या असायच्या दात टोकरायच्या जुन्या सुया, टोक गेल्यामुळे टाकायला काढलेल्या. आखातात त्यांनी फिटरचं काम केलं होतं, त्यामुळे घरी सहाणेवर घासून ते त्यांना पुन्हा टोक आणायचे. "एवढं काय कोरताय चाचा?" मी विचारलं. "पाचू," ते म्हणाले, जणू मी विचारलं होतं भाजी कसली केलीय आणि ते म्हणाले वालाची.

आता तुम्हाला वाटेल तसंच मलाही वाटलं. पाचू कोरणारा माणूस टाकाऊ सुया मागत का फिरेल? म्हणून एका रविवारी मुद्दाम चौलला त्यांच्या घरी गेले. सुपारीच्या वाडीत घर, पुढे पडवी. पडवीत सकाळच्या उन्हात चाचा तोंडाला फडकं बांधून बसलेले. समोर परातभर पाणी, दात घासायचे जुने ब्रश, आमच्या सुया आणि हाताएवढा एक काळपट चमचमता दगड. त्या दगडात बोटाच्या पेराएवढी हिरवी कांडी अडकलेली होती. सहा कडांची, सरळ, कोणी तासून ठेवल्यासारखी.

"ही तुम्ही तासली?"

"मी न्हाय. ती तशीच जन्मलीय. मी फक्त तिचं तोंड धुतो."

त्यांचा छंद एवढाच. पाचू दगडातून उपटून काढायचा नाही, आजूबाजूचा अभ्रकाचा कचरा दाण्यादाण्याने दूर करायचा आणि कांडी आपल्या मूळ दगडात बसलेली दिसेल अशी ठेवायची. कपाटात असे पुष्कळ नमुने होते. काही राजस्थानचे, काही ओडिशाकडचे. हिरवे तर होतेच, पण काही फिकट निळे आणि काही मधासारखे पिवळेही. "ही सगळी बेरिल," चाचा सांगायचे. "एका आईची लेकरं. हिरवा झाला त्याला पाचू म्हनतात आनि लाडावतात. बाकीच्यांना कोन विचारत न्हाय." मग ते पिवळा उचलून तोच आधी दाखवायचे.

चाचींना या सगळ्याचा राग होता, आणि मला तो पटायचा. "घरान पाचू हाय, नि माझे बोटान काच," त्या चहा ठेवता ठेवता म्हणायच्या. चाचा गंभीरपणे सांगायचे की हे पाचू अंगठीच्या कामाचे नाहीत, यांच्यात भेगा फार. "भेगा तर तुमचे टाचांना पन हायत, म्हनून तुम्हाला कपाटान ठेवला का?" चाची विचारायच्या. चाचा चहा पीत राहायचे.

गावात बातमी पसरायला काय लागतं? अलिबागचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांचा बुध बिघडला होता, ज्योतिषाने पाचू सांगितला होता, म्हणून दगडातली कांडी काढून द्या म्हणाले. चाचा म्हणाले, "बुधाचं मना म्हायीत न्हाय साहेब, पन दगड नक्की बिघडंल." गृहस्थ रागावून गेले. त्याच आठवड्यात एका कोळणीने किनाऱ्यावर सापडलेला हिरवा तुकडा आणून दिला. समुद्राने घासून गुळगुळीत केलेली बाटलीची काच होती ती. चाचांनी ती उन्हात धरली. "काच हाय गो. पन चांगली काच हाय," म्हणाले, आणि खिडकीत ठेवली. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही आणि कुणाला हिरमुसलेलं बघणंही.

कपाटाच्या खालच्या खणात रुमालात गुंडाळलेला एक दगड होता, तो मात्र त्यांनी कित्येक वर्षं हातात घेतला नव्हता. आखातात त्यांच्या खोलीत अफगाणिस्तानातल्या पंजशीरचा एक माणूस राहायचा. दोघांनी एका चुलीवर रांधलं, एकमेकांच्या तापात रात्री काढल्या. चाचा कायमचे परतायला निघाले तेव्हा त्याने आपल्या डोंगरातला हा दगड त्यांच्या पेटीत ठेवला. पांढऱ्या, चुन्यासारख्या दगडात पाचूचं फक्त टोक दिसत होतं. "घर जाके आराम से खोलना, और मुझे दिखाना," तो म्हणाला होता. छंदाची सुरुवात तिथून. बाकीचे सगळे दगड चाचांनी हात बसावा म्हणून साफ केले होते. फोनवर मित्र दर वेळी विचारायचा, खोला क्या? चाचा म्हणायचे, अभी हाथ पक्का नहीं हुआ.

हात पक्का होईपर्यंत वय झालं. चाचांच्या बशीतला चहा सांडू लागला, तेव्हा मी आधी नुसतं पुसून टाकायचे. मग एकदा त्यांनी मागितलेली सुई मी पुढे केली आणि त्यांना ती धड पकडता येईना. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, कंप काही थांबला नाही. चाचा खुर्चीत बसून आपल्याच हाताकडे बघत म्हणाले, "आता ह्यो ऐकत न्हाय. तो दगड ऱ्हायला, बाय. त्याला काय दाखवू?" मला इतकं वाईट वाटलं की मी उगीच नळ सोडून हात धूत बसले.

सुई चालवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरी वाट काढली. तो पांढरा दगड आंबटात विरघळतो, पाचूला काही होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात व्हिनेगर ओतून त्यांनी दगड बुडवला. बारीक बुडबुडे येत राहिले, पांढरं झिजत गेलं, हिरवं वर येत गेलं. चाचा रोज फोन करून मला सांगायचे, आज एवढा दिसला, आज आणखी दिसला. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.

मग एका दुपारी ते दवाखान्यात आले आणि सुया मागितल्याच नाहीत. कापसात गुंडाळलेले हिरवे तीन तुकडे आणि उरलेला पांढरा दगड त्यांनी टेबलावर ठेवला. पाचूच्या भेगांमध्येही तोच पांढरा दगड भरलेला होता, त्यानेच कांडी धरून ठेवली होती. तो विरघळला आणि कांडी आपोआप सुटी झाली. "मना कळाया पायजे होतं," चाचा म्हणाले. "माझी घाई नडली."

डॉक्टरीणबाईंनी तुकडे भिंगाखाली पाहिले. "चाचा, आपलं दातांचं सिमेंट आहे ना, दिवा लावला की घट्ट होतं. असं जोडून देते की जोड शोधून सापडणार नाही."

"न्हाय डॉक्टर. जोड दिसाया पायजे." हे त्यांनी फार हळू सांगितलं. दगड जमवणाऱ्यांची रीतच आहे, तुटलेला नमुना जोडावा, पण जोडलाय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. "लपवला तर ती फसवनूक. आनि त्याला मी फसवू?"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दार लावून घेतलं. चाचा सांगत होते, मी जोडत होते. कड कडेला लागली की ते डोळे मिटायचे. सिमेंट बाहेर आलं ते मी पुसायला गेले, तर म्हणाले, राहू दे तेवढी रेघ. शेवटी कांडी तिच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या दगडात पुन्हा उभी राहिली. दोन रेघा तिच्या अंगावर स्पष्ट दिसत होत्या, आणि मला विचाराल तर ती सुंदर होती.

चाचांच्या फोनचा कॅमेरा गेलेला, म्हणून माझ्याच फोनवरून पंजशीरला लावला. पांढरी दाढी, मागे तुतीचं झाड. चाचांनी दगड पाठीमागे धरून आधी सांगून टाकलं, "टूट गया मेरे हाथ से. जोड़ा है."

मित्राने चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला. मग तो म्हणाला, "मैं तो समझा था, तू बेच के खा गया. दिखा अब."

चाचांनी दाखवला. हात थरथरत होता, त्यामुळे पाचू सारखा लकाकत होता. दोघं म्हातारे एकमेकांना शिव्या देत हसत सुटले, आणि डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, पुढचा पेशंट थांबवून ठेव.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं चाची येईल त्याला सांगत होत्या.

ईदला मी अवजारं पुसत होते, तेव्हा माझा फोन वाजला. पडद्यावर पांढरी दाढी. "बेटी, भाई का फोन बंद है. ईद मुबारक बोलना था." मला हिंदी येते, पण त्या दिवशी तोंडात मराठीच येत होतं. कसंबसं सांगितलं. त्याने दोन्ही हात पुढे धरून दुआ मागितली. मग म्हणाला, "वो पत्थर है अभी? एक बार दिखा दे."

संध्याकाळी चौलला गेले आणि चाचींच्या घरून फोन लावून दिला. दगड मी धरणार होते, पण चाचींनी तो माझ्या हातातून घेतला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जन्मभर ज्याला हात लावला नव्हता तो दगड दोन्ही हातांनी फोनसमोर धरला. "भाभी, थोड़ा नज़दीक," तो म्हणाला. चाचींनी जवळ नेला. "और थोड़ा." त्यांनी आणखी जवळ नेला.

मग नेट गेलं आणि पडदा काळा झाला. चाचींच्या ते ध्यानात आलं नाही. त्या दगड हळूहळू फिरवत होत्या, सगळ्या बाजूंनी नीट दिसावा म्हणून. मी त्यांना थांबवलं नाही.