सरळ रेघेला भिणाऱ्या वंदनाताई

वंदनाताई अहिरे सकाळी ऑफिसात आल्या की आधी चष्मा पुसायच्या, मग चौकटीची वही उघडायच्या आणि कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरची एक नक्षी पेन्सिलीने वहीत उतरवायच्या. चहा त्यानंतर. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या त्या आठ माणसांच्या ऑफिसात सगळे त्यांना हसायचे. मीही हसायचो.

आम्ही डाइंगच्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. कापडाच्या कोणत्या लॉटला कोणता रंग किती घालायचा, हे तो प्रोग्राम सांगायचा. त्यात कोणीही काही बदललं की त्या बदलाची नावासकट नोंद राहते. या नोंदींचा सगळा इतिहास कॉम्प्युटर साध्या अक्षरचिन्हांत काढून दाखवतो. एक नोंद म्हणजे एक चांदणी, मुख्य काम म्हणजे उभी रेघ. कोणी वेगळी वाट धरून काम केलं आणि नंतर ते मुख्य कामात मिसळलं, की तिथे तिरक्या रेघा:

```
*
|\
| *
* |
|/
*
```

"झाडासारखं वाचायचं. खालून वर," ताई सांगायच्या. त्यांचे वडील धुळ्याकडून सुरतेला आले आणि जन्मभर साड्यांच्या काठांचे ग्राफ काढत राहिले. चौकटीच्या कागदाची ओढ तिथलीच. मी एकदा विचारलं, "ताई, हे पडद्यावर आहेच की. हाताने कशाला?" त्या म्हणाल्या, "हाताने काढलं की कळतं कोण कुठे अडखळलं. माणसं काम करतात तेव्हा रेघ वाकतेच, किशोर. एकदम सरळ दिसली की मला भीती वाटते. कोणीतरी काहीतरी पुसलेलं असतं."

जेवताना त्या खानदेशी व्हायच्या. डबा उघडला की, "काय रे भाऊ, कसा शे?" म्हणत अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायच्या. मी सुरतेत नवा होतो, चोपड्याहून आलेला, एकटा. पहिल्या वर्षी मी त्यांच्याच भाकरीवर दुपार काढली, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. पलसाण्याच्या एका कारखान्यासाठी मी हिशोबाच्या आकड्यांची पद्धत बदलली, आणि त्यात अगदी थोड्या मात्रेतले रंग शून्य धरले जाऊ लागले. मोरपंखी साड्यांचा अख्खा लॉट शेवाळी निघाला. आमच्या मालकांचा, केतनभाईंचा फोन आला: तिथल्या डाइंग मास्टरला, रंगकामाच्या प्रमुखाला, घेऊन तासाभरात येतो. ताई कुठल्याशा कामाला बाहेर गेल्या होत्या. चूक माझी आहे हे मला दोन मिनिटांत कळलं.

नोंदींची देखरेख माझ्याकडेच होती. माझ्या नोंदीच्या आधीची नोंद ताईंची होती, त्याच फाइलवरची. मी माझा बदल त्यांच्या नोंदीत मिसळून टाकला आणि माझी चांदणी काढून टाकली. माझ्या वेगळ्या वाटेच्या तिरक्या रेघा गेल्या. राहिली एक सरळ रेघ, आणि त्या बदलावर नाव वंदना अहिरे.

मास्टरने शेवाळी कापडाचा तुकडा टेबलावर टाकला. "ये मोरपंखी है?" केतनभाईंनी विचारलं, "कोणे कर्युं छे?" मी पडदा त्यांच्याकडे वळवला. मास्टरने नाव वाचलं आणि तोवर परतलेल्या ताईंना आठ माणसांसमोर म्हणाला, "बहनजी, ये रोटी बेलने का काम नहीं है."

ताई वही उघडून उभ्या होत्या. त्यांनी वहीतलं पान पाहिलं, पडदा पाहिला, आणि मग मला मराठीत विचारलं, "किशोर, ही रेघ सरळ कशी झाली रे?"

"मला काय माहीत, ताई."

त्यांनी वही मिटली आणि मास्टरकडे वळून म्हणाल्या, "जो गलत हुआ, ठीक करना पड़ेगा." माफी मागितली नाही, माझं नावही घेतलं नाही.

चूक मीच दुरुस्त केली, एका दिवसात. केतनभाईंनी पाठ थोपटली. पलसाण्याचं काम ताईंकडून काढून मला दिलं, आणि त्यांना गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं. दुपारी त्या अर्धी भाकरी सरकवतच राहिल्या. फक्त "कसा शे" विचारणं थांबलं. तीन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली.

दोन वर्षांनी मी त्यांना शोधत सुरतेतल्याच कोसाडच्या वसाहतीत गेलो. एका खोलीत त्या मुलींना कॉम्प्युटर शिकवत होत्या. मला पाहून त्यांनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळची रेघ माझ्या वहीत होती ना."

"मग दाखवली का नाहीत?"

"हाताने काढलेल्या चांदण्यांवर कोण विश्वास ठेवणार, पडदा वेगळं बोलत असताना? आणि मला वाटलं, तू बोलशील. मी वाट पाहिली."

मी माफ करा म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

केतनभाईंना सांगितलं तर ते हसले. "जूनी वात छे, हवे छोड ने भाई." जुनी गोष्ट, सोडून दे म्हणे. वाटलं, संपलं. पण मला राहवेना. एका शनिवारी मी पलसाण्याला गेलो. मास्टर वाफेत उभा होता. त्याला मी बाजूला घेऊन सांगितलं, की ती चूक त्या बाईंची नव्हती, माझी होती, आणि नाव मीच बदललं होतं.

मला वाटलं, तो शिव्या देईल. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मैंने उनको सबके सामने क्या-क्या बोला. दो साल से वही किस्सा यहाँ लड़कों को सुनाता हूँ, हँस-हँस के." मग पुसलेला हात पुढे करून म्हणाला, "नंबर लगा."

मी ताईंचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. तो शेडच्या दाराशी गेला. मशीनच्या आवाजात मला फक्त "बहनजी" एवढंच ऐकू आलं, दोनदा. मग तो बराच वेळ नुसता ऐकत होता, मान हलवत होता, आणि शेवटी त्याने दुसरा हात नमस्कारासारखा कपाळाला लावला.

मी तिथेच उभा होतो. वाटलं, ताई म्हणतील, जरा किशोरकडे द्या. मी काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. तो परत आला आणि त्याने फोन माझ्या हातात ठेवला. ताईंनी तिकडून फोन ठेवून दिला होता.