आजीच्या ट्रंकेतला फौजी

चहा घ्या आधी, मग सांगतो. माणूस स्वतःच्याच घरात केवढा घोळ घालू शकतो, ते ऐका.

माझे बाबा तान्हे असतानाच आजोबा गेले. घरात त्यांचा एक फोटो नाही. आता बाबाही नाहीत, विचारणार कोणाला? गेल्या वर्षी आजीची जुनी ट्रंक आवरत होतो, तर लुगड्याच्या घडीत एक फोटो सापडला. लष्करी गणवेश, तिरकी टोपी, आणि मिशी अशी की बघणाऱ्याने सावधान उभं राहावं. मागे शाईने लिहिलेलं, ‘आफ्रिका’.

म्हणजे आजोबा महायुद्धात होते, आणि आजी आयुष्यभर एका शब्दाने बोलली नाही. मला भरूनच आलं.

बायको म्हणाली, "एकदा मावशीआजींना दाखव ना." मावशीआजी म्हणजे आजीची धाकटी बहीण. नव्वदी केव्हाच ओलांडलेली, इथेच जवळ इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहते.

"दाखवायचं काय त्यात? स्वतःचे आजोबा मला कळत नाहीत?"

फोटो मोठा केला, फ्रेम केली, हॉलमध्ये आजीच्या फोटोशेजारी लावला. सोसायटीचे सेक्रेटरी हितेशभाई बघून म्हणाले, "दादाजी फौजी थे? पहले बोलने का ना. छब्बीस जनवरी को भाषण आपका."

झालं. झेंडावंदनाला टेबलावर हार घातलेला फोटो, पुढच्या खुर्चीत रिक्षाने आणलेली मावशीआजी. मी आजोबांना वाळवंटात असं काही लढवलं की दोघी-तिघींनी डोळे पुसले. शेवटी मावशीआजीपुढे माइक धरला. "दोन शब्द बोल."

तिने चष्मा पुसून फोटो न्याहाळला. "अगो बाई, हा तर सावंतांचा वसंता. ताईला सांगून आलेला. ताईला फार आवडला होता हो. लढाईवरचा मुलगा नको, म्हणून आमच्या बाबांनी नकार कळवला."

माइक चालूच होता.

"मग माझे आजोबा?" मी हळूच विचारलं.

"ते गिरणीत. दिवाळीत फटाका वाजला तरी कानात बोटं घालायचे. पण माणूस भला."

हितेशभाई कानाशी आले. "क्या बोली माजी?"

"बोली, बहुत बहादुर थे."

घरी येऊन मी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला, तर मावशीआजीने हात धरला. "राहू दे रे. ताईच्या शेजारी बसायला त्याला एवढी वर्षं लागली."

तेव्हापासून तो तिथेच आहे. पाहुणे विचारतात, "कोण हे?" आणि मी, त्यांचा भाषणातला सख्खा नातू, सांगतो, "आजीच्या ओळखीचे होते."