दहापैकी तीन

कॉलेजात तिला सगळे पट्टीताई म्हणत. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचं बोट निखळलं, की ती चिकटपट्टी दातांनी टर्रकन फाडायची आणि असा काही बांध घालायची की दुखणं मुकाट्यानं गप्प बसायचं. खेळाडूंची फिजिओ म्हणून तिला तिथे एकोणीस वर्षं झाली होती. घरी सासूबाई म्हणायच्या, "साऱ्या जगाचे गुडघे बघतेस, माझे तेवढे गुडघे नव्हेत, लाकडाचे ओंडके आहेत." त्यावर ती हसायची आणि तेलाची वाटी घेऊन त्यांच्या पायाशी बसायची. पट्टीताई मोठी खमकी. पण त्या शनिवारी दुपारी एक साधा कागद पुढ्यात होता आणि तिचा हात काही केल्या पुढे सरकत नव्हता.

कागद होता शिडीचा. शिडी म्हणजे बास्केटबॉलच्या संघातली सगळ्यांत उंच मुलगी, दुसऱ्या वर्षाला शिकणारी. संध्याकाळी अंतिम सामना होता, तोही बाहेरगावी. दोन वाजता बस सुटणार होती आणि त्याआधी पट्टीताईनं 'खेळण्यास योग्य' किंवा 'अयोग्य' यांतलं एक खोडून सही करायची होती. बारा दिवसांपूर्वी सरावात शिडी उंच उडाली ती पाठीवर आली, आणि डोकं थेट लाकडी फरशीवर आपटलं. पाच-सहा सेकंद तिनं डोळे उघडले नव्हते. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. पण डोक्याचा मार स्कॅनमध्ये दिसेलच असं नसतं, आणि तो आतून भरून येण्याआधी दुसरा बसला तर माणूस उठेलच अशी हमी कुठलाही डॉक्टर देत नाही.

त्यासाठीच तर ती परीक्षा होती. हंगामाच्या सुरुवातीला, अंगाला ओरखडाही नसताना, प्रत्येक खेळाडूला दहा शब्द वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांनी विचारायचे. एका पायावर उभं करायचं, आकडे उलटे म्हणायला लावायचे. जे गुण पडतील ते कार्डावर लिहून ठेवायचे. पुढे कधी डोक्याला लागलंच, तर गडी पुन्हा त्या गुणांपर्यंत पोचला की बरा झाला असं धरायचं. डॉक्टरही त्याच कार्डावर विसंबून असत.

सकाळी शिडीनं परीक्षा दिली होती. तोल ठीक, आकडे ठीक, शब्द दहापैकी तीन. पट्टीताईनं जुनं कार्ड काढलं. त्यावरही तीन. तंतोतंत जुळलं होतं. कागद म्हणत होता, पोरगी ठणठणीत आहे. आणि तिथेच पट्टीताई अडली. एकोणीस वर्षांची धडधाकट पोर, बरी असताना दहातले सात शब्द विसरते? तिच्या सासूबाईंना पाच आठवले असते.

ती उठली आणि शेजारच्या खोलीत गेली. तिथे मास्तर बसत. निवृत्त प्राध्यापक, दौऱ्यांमुळे खेळाडूंचे बुडालेले तास ते भरून काढत.

"मास्तर, आपल्या शिडीची स्मरणशक्ती कशी आहे हो? अगदी खरं सांगा."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तिची? अहो, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती प्रवासात होती. फोनवरून मी वीस व्याख्या सांगितल्या, त्याही एकदाच. पेपरात अक्षर न अक्षर उतरवून आली. मलाच लाज वाटली, मी पुस्तक बघून सांगत होतो. का, काय झालं?"

"माझं डोकं झालं," ती म्हणाली आणि परत फिरली.

काय झालं असणार ते तिला लख्ख कळलं. जुनी पोरं नव्यांना शिकवतात: पहिल्या परीक्षेत मुद्दाम कमी सांग, म्हणजे पुढे लागलं तरी आरामात पास. ही कुजबुज तिच्या कानावर चार वर्षांपूर्वीच आली होती. तेव्हा तिनं ती थट्टेवारी नेली. यंदा बेचाळीस पोरांची परीक्षा तिनं एकाच दुपारी उरकली, हॉलमध्ये बाकांच्या रांगा लावून, आणि कार्डांवर न बघता धडाधड सह्या ठोकल्या. तीनचा आकडा तेव्हाच डोळ्यांत खुपायला हवा होता. खुपला नाही, कारण तिला पाचच्या आत घरी जायचं होतं. पोरांनी लबाडी केली हे खरं, पण दार उघडं टाकलं होतं तिनं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

दीड वाजता कोच आत आले. "ताई, झाली सही?"

"नाही. तिला पाठवता येणार नाही, सर."

"गुण जुळलेत असं तुम्हीच सकाळी म्हणालात."

"जुळलेत. पण जुनं कार्डच खोटं आहे."

कोच खुर्ची ओढून बसले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटायची. "नीट विचार करा. हे कार्ड खोटं, तर बेचाळीसच्या बेचाळीस खोटी. प्राचार्य विचारतील, परीक्षा कुणी घेतली, सह्या कुणाच्या. आज निवड समिती तिला बघायला येतेय. पोरीचं वर्ष जाईल आणि तुमची एकोणीस वर्षंही जातील. कागद योग्य म्हणतोय, तर तुम्ही का आडव्या येताय?"

तो बोलला त्यात एक अक्षर चूक नव्हतं. कुणी तिला जाब विचारला नसता, सगळं कागदाला धरून होतं. तिनं पेन उचललं, 'योग्य' वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: मूळ परीक्षा मी निष्काळजीपणे घेतली, सर्व बेचाळीस कार्डं रद्द समजावीत. सही केली आणि कागद पुढे सरकवला.

कोचनं तो दोनदा वाचला. "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात," एवढंच म्हणून ते निघून गेले.

पाच मिनिटांत शिडी दारात उभी. अंगात संघाचा शर्ट, खांद्याला बॅग. पट्टीताईनं मनाची तयारी केली. आता पोर भांडणार, रडणार, तुम्ही माझं वाटोळं केलंत म्हणणार.

पण शिडी बॅग खाली ठेवून तपासणीच्या पलंगावर बसली. बाहेर बसचं इंजिन सुरू झालं, तरी तिनं मान वळवली नाही.

"पहिल्या परीक्षेत मुद्दाम तीन सांगितलेस ना?" पट्टीताईनं विचारलं.

"हो. दहाही आठवत होते."

"आणि आज?"

"आजही तीनच सांगायचे असं ठरवून आले होते, ताई. जास्त सांगितले असते तर तुम्हाला कळलं असतं." ती थांबली. "पण ठरवायची वेळच आली नाही. मला तीनच आठवले. सकाळपासून आठवतेय, चौथा येतच नाहीये. कुणाला सांगू, कळेना."

पट्टीताईनं तिला जवळ घेतलं. एका हातानं तिनं डॉक्टरांचा नंबर फिरवला.

"बाकीचे कोणते होते?" शिडीनं तिच्या खांद्यात तोंड खुपसूनच विचारलं. "वाचा ना एकदा."

फोन वाजत होता. पट्टीताईनं यादी ओढली आणि उरलेले सात शब्द एकेक करून सावकाश वाचले. प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती. शिडी प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत राहिली. त्यातला एकही शब्द आपण सकाळी ऐकला होता, हे तिला आठवत नव्हतं.